नाला कुठं जातो?

(दिव्यातली चाळ, मे १९९७. तान्ही गोदा झोपलीय. नंदाची आई मनुबाई खाडीकाठच्या कोळीवाड्यातून लेकीकडे आलीय.)

मनुबाई : म्हंजे एकपन नाय वापरत? माज्या लुगड्याचं शिवलेलं गो हे लंगोट. धुऊन धुऊन लोण्यागत झालेलं लुगडं.

नंदा : वापरले ना आये, सुरुवातीला. मग नळ बंद झाला. आता टँकर येतो, तोपण आला तर. त्या पाण्यात भात शिजवू की लंगोट धुऊ?

मनुबाई : म्हनून ह्या कागदाच्या चड्ड्या?

नंदा : हौस म्हणून घेते का? पाळणाघरवाल्या बाईंनी सांगून टाकलंय, हे घालूनच आणा, नाहीतर पोरगी आणू नका. त्यांच्याकडे तरी पाणी कुठाय? गोदाला ठेवलं नाही तर मी कामावर जाऊ कशी?

मनुबाई : नि घान झाल्यावर टाकतेस कुठं?

नंदा : पिशवीत बांधून, रुळांपलीकडच्या नाल्यात. सगळेच टाकतात.

मनुबाई : नाला कुठं जातो?

नंदा : हळू बोल आये, गोदा उठेल.

मनुबाई : कोळ्याची पोर तू. बोल की.

नंदा : खाडीत.

मनुबाई : तुज्या बापाशीनं होडी इकली.

नंदा : काय? कधी? मला कुणी बोललं नाही!

मनुबाई : शिमग्यानंतर. मी काठावरच होते. जाळं वर येईना, एवढं जड. तो हसला, बोलला, मनू, आज मोठा जिताडा हाय बघ. शेजारच्या दामाजीला हाक मारली, दोघांनी ओढलं. वर आलं तर ह्याच चड्ड्या. फुगून उशीएवढ्या झालेल्या. म्हावरा एक नाय. जाळं मधोमध फाटलं. चिखलात बसून एकेक हातानं सोडवत व्हता. मग उठला नि गिऱ्हाईक बघायला गेला.

नंदा : माझ्याच नव्हत्या गं त्या.

मनुबाई : तुज्या व्हत्या असं कोन बोललं? त्यावर नाव थोडंच असतंय.

नंदा : मग काय करू सांग. जाळल्या तर अख्खी चाळ भांडायला येते. पुरू म्हटलं तर अंगण कुठाय?

मनुबाई : मी न्यायला न्हेन गो. पन मी तरी कुठं टाकू? आमच्या दारात पन खाडीच.

नंदा : बाबा आता काय करतात?

मनुबाई : माजिवड्याला नवी बिल्डिंग झालीय, तितं वॉचमन. खुर्चीवर बसून असतो. घरी आला का हात धुतो, परत परत धुतो. वास जात नाय बोलतो.

नंदा : आये, निदान सुट्टीच्या दिवशी तरी लंगोट लावीन. हंड्यातलं थोडं पाणी…

मनुबाई : नको. ते प्यायला ठेव. पोर तापली तर काय पाजशील तिला?

नंदा : उठली बघ. चड्डी भरलीय वाटतं.

मनुबाई : आन हितं. नवी चड्डी दे. कशी लावतात दाखव.

नंदा : राहू दे आये, मी लावते.

मनुबाई : दाखव गो. नाडी कुठाय हिची?

नंदा : नाडी नसते. नुसतं चिकटवायचं.