काहूनच्या अलीकडे

नाही, तू जा आत. मी येत नाही म्हणजे येत नाही — अन् हे पहा, "सर, दोनच मिनिटं" असं म्हणू नको मले, तुमच्या संस्थेचे दोन मिनिटं मी वर्षभर पाह्यले. शाल राहू द्या तिथंच. नारळ फोडून खाऊन टाका. इथं पायरीवर बरं आहे, निंबाची सावली आहे, समोर चहा आहे, अन् आतलं सगळं ऐकू येते. टाळ्या ऐकल्या? फिलम लागली नाही अजून, ह्या पाहुण्यायच्या टाळ्या होत. मी उभी जिंदगी पेपरचा बातमीदार म्हणून हॉलच्या मागच्या खुर्चीवर काढली, टाळीवरून सांगतो कोण बोलून राहिलं. देणगी देणारे दाते बोलून राहिले. बरोबर ना? मान हलवली म्हणजे बरोबर. बिल्ल्यावर काय लिहिलं आहे तुझ्या — आकांक्षा. अकोल्याचीच का? हाव, बोलण्यावरून वाटलं. बाकीचे सारे पुण्याचे आले, अन् म्हाताऱ्याले बलवायले तुले पाठवलं — काहून? काहून का पोरीवर याचा आवाज चढत नाही, हे माहीत आहे त्यायले. बस मंग. उभ्यानं काहून ऐकतेस?

मी गेलतो का तुमच्याकडं काही मागायले? रिटायर झालतो, अमरावतीले घरी बसून सकाळचा पेपर वाचत होतो अन् लिहिणाऱ्यायले शिव्या देत होतो — मजेत होतो, बाई. तुमचे साहेब घरी आले. आमच्या घरवालीनं, आशाबाईनं चहा केला, पोहे केले. साहेब म्हणे, इंगोलेसर, डिजिटल युवा सहभाग कार्यक्रम आहे, खेड्यापाड्यातले पोट्टे-पोट्टी मोबाइलवर आपल्या गावचे प्रश्न मांडतील, तुम्ही स्वयंसेवक म्हणून समन्वय करा. समन्वय! मी म्हटलं, बाप्पा, मले मोबाइलवर फोन उचलता येते अन् ठेवता येते, बाकी काही येत नाही. त म्हणे, मोबाइल पोरं तुम्हाला शिकवतील, तुम्ही त्यांना प्रश्न विचारायला शिकवा. — आता हे वाक्य पाय तू. या वाक्यावर माझ्यासारखा माणूस विकल्या जाते. अन् फुकटात विकल्या जाते, ते पहिले सांगतो. एसटीनं फिरलो, गुडघे घेऊन फिरलो. सेमाडोहले गेलो त तिथं टॉवर नाही. पोट्टे म्हणे सर, नेटवर्क नाल्यापलीकडच्या एका सागाखाली येते. त वर्ग सागाखाली. फांदीले मोबाइल टांगले पोट्ट्यायनं, जशे लग्नघरी आंब्याचे पानं टांगतात. इतकं बरं मले चाळीस वर्सांच्या नोकरीत कधी वाटलं नाही — हे साहेबायले सांगू नको.

शिकवलं काय त एकच. काहून. तुमचे पुण्याचे पोरं पहिल्या दिवशी हासले या शब्दाले. हासू द्या. "का" विचारलं त समोरचा "पाहू" म्हणून निघून जाते, "काहून" विचारलं त त्याले थांबाव लागते — तो जड शब्द आहे, पायावर पडते. पण नुसतं काहून-काहून करणं म्हणजे नळावरचं भांडण, ती बातमी नाही. म्हणून मी पोट्ट्यायले माझा कायदा सांगतला. समोरच्याचं म्हणणं आधी. त्याच्याच शब्दात. चांगल्या तोंडानं, हासून, काही न लपवता. मंग थांबा. एक श्वास घ्या. अन् मंग — काहून. दोन्ही बाजू आल्या, कोणाची मजाल नाही का खोटं म्हणावं. हा कायदा मी मोठमोठ्यायच्या समोर वापरला आहे, अन् त्यायचे चेहरे उतरलेले पाह्यले आहेत.

गुलनार तुले माहीत आहे का? नुसती पडद्यावरच पाह्यली म्हणतेस. अंजनगाव सुर्जीची, नासिरभाईची पोरगी. नासिरभाईचं गाद्या भरायचं दुकान आहे. मी गेलो त त्यायनं नव्या गादीवर बसवलं मले, अन् पोरीले कॅमेऱ्यासमोर उभी करायची म्हटलं त बराच वेळ दोरा ओवत राहिले. मंग म्हणे, "इंगोलेसाब, मेरे को ये मोबाइल का कुछ समजता नहीं. तुमच्या भरोशावर पाठवतो." माझ्या भरोशावर. संस्थेच्या नाही, कार्यक्रमाच्या नाही. अन् पोरगी कशी? तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करून राहिली, घरात गाद्यायचा कापूस उडते म्हणून अभ्यासिकेत बसते. तीच अभ्यासिका, जिच्यावर आतल्या पाहुण्यायच्या नावाची पाटी आहे — तेच, ज्यायच्या टाळ्या आता तू ऐकल्या. तिचा प्रश्न काय होता ऐक. मले पाठ आहे. "आमच्या अभ्यासिकेच्या पाटीवर लिहिलं आहे, रात्री आठपर्यंत चालू. पंखे आहेत, थंड पाणी आहे, मुलींसाठी वेगळी खोली आहे. दात्यांनी आमच्यासाठी खूप केलं." — मंग श्वास. — "मंग काहून मुलींच्या खोलीले पाचलाच कुलूप लागते? पोट्ट्यायच्या खोलीले काहून नाही?" एका टेकमध्ये दिला. मी कॅमेऱ्यामागं उभा होतो, मले टाळी वाजवाव वाटली, आवाज येईल म्हणून हात धरून ठेवले.

अन् तुमी काय केलं? श्वास घेतला तिथं कात्री. बरोब्बर श्वासावर! दात्यांनी आमच्यासाठी खूप केलं, अन् पोरगी हासते, अन् खाली बासरी वाजते. एक शब्द खोटा नाही घातला तुमी — मी कोर्टात गेलो त काय सांगू? शब्द तिचे, तोंड तिचं, हासणं तिचं. फक्त काहूनच्या अलीकडं थांबले. साऱ्या पोट्ट्यायचं तसंच. तो सेमाडोहचा पुंजाराम — "आमच्या गावात बस येते" — अन् संपला! अरे, बस येते, पण शाळा सुटल्यावर काहून येत नाही, हे विचारत होता लेकरू! त्याले वाटते अजून आपला प्रश्न पुढं गेला. प्रश्न नाही गेला, बाई. आभार गेले.

मागल्या आठवड्यात गुलनारचा तो तुकडा तुमी इंटरनेटवर सोडला, बाकी पोट्ट्यायचेही सोडले, जाहिरात म्हणून. अंजनगावच्या पोट्टीयनं पाह्यला. त्या खोलीत एकमेकींसाठी जागा धरतात त्या, ओढणी टाकून. आता गुलनारसाठी कोणी ओढणी टाकत नाही. ती आली का म्हणतात, पाटीवाली आली, उठा, पाटी वाचून दाखवते. त्यायचाच प्रश्न घेऊन गेलती ना ती, साऱ्यायचा मिळून! त्यायनं तिले निवडून पाठवलं होतं, तू बोल, तुले बोलता येते. आता अभ्यासिका सोडली तिनं. कापसात बसून वाचून राहिली, नाही त वाचतच नसेल, मले काय माहीत — माझा फोन उचलत नाही ती. नासिरभाईनं उचलला. मशीन चालू होती मागं. "सलाम, इंगोलेसाब," एवढंच.

आता सांग, मी आत येऊन शाल घेऊ? कशाची? अन् सगळ्यात राग मले कशाचा आहे सांगू — माझ्या अकलेचा. पेपरमध्ये आल्या दिवसापासून शिकलो आम्ही, का मेन गोष्ट वर घ्या, बातमी नेहमी खालून कापतात. जागा कमी पडली का शेवटचा परिच्छेद गेला. मी स्वतः नव्या पोट्ट्यायच्या कानात हे ओरडलो आहे. अन् इथं मीच त्यायले म्हटलं काहून शेवटी. काहून म्हटलं? मले वाटलं, मोबाइलमध्ये कुठं जागा कमी पडते, बाप्पा! तिथं कात्री कोण चालवणार! श्वास घ्या म्हटलं — म्हणजे कापणाऱ्याले खूणच करून देल्ली मी, जसा शिंपी खडूनं करते.

झाली सुरू. ऐक, बासरी. मले पाहायची गरज नाही, मले माहीत आहे — आधी काळा पडदा, मंग सेमाडोहचं ते झाड, झाडाखाली मी, पांढऱ्या शर्टात, खाली लिहिलं आहे मार्गदर्शक. बरा आला फोटो. मंग —

काय? हाव, पहिल्यांदाच लागून राहिली आज. तुकडेच सोडले होते, पूर्ण नाही. मंग मले कसं माहीत — आता — ग्रुपवर आलती ना ती. पंधरा दिवस झाले असतील. कोणीतरी टाकलती, फायनल आहे सर, पाहून सांगा म्हणून. मी पाह्यली. म्हणजे सुरुवात पाह्यली. आशाबाईले दाखवली, शेजारच्या किशोरले दाखवली — त्या फोटोपर्यंत. पुढचं काय पाहाव? पोरायचं बोलणं त मले पाठ होतं, माझ्याच समोर घेतलं होतं. मंग अंगठा टाकून देल्ला. सारेच टाकतात. अंगठा म्हणजे काय असते — वाचलं नाही, पाह्यलं नाही, पण चालू द्या. त्याचा का एवढा अर्थ काढतेस? जुन्या माणसायचा अंगठा होता त शाई तरी लागत होती बोटाले. अन् हसतो कोणाले मी? न वाचता ठराव मंजूर करणाऱ्या सभागृहातल्या लोकायले अंगठेबहाद्दर म्हणून मथळा देल्ला होता एकदा — गाजला होता.

तू टाकलती?

म्हणजे कात्रीही तुझीच. बोल ना. इतका वेळ मी बोलून राहिलो अन् तू पायाच्या नखाकडं पाहून राहिली, तवाच मले — काय, खाली काय लिहिलं होतं? कशाच्या खाली? फिलमच्या खाली. दाखव. चष्मा... थांब. हं. "सर, साहेबांनी प्रश्नांचा भाग काढायला सांगितला आहे. गुलनारचा तरी ठेवावा असं मला वाटते. तुम्ही काढू नको म्हटलं तर मी ठेवते. सर प्लीज शेवटपर्यंत बघा."

अन् त्याच्याखाली माझा अंगठा.

खाली कोण वाचते, बाई. खालचं कोण वाचते.

नाही, रडू नको. तू विचारलं होतं. तू एकटीच होती विचारणारी, अन् मी... साहेबायनं दाखवलं असेल ना तुले मंग, का पहा, सरायचीही हरकत नाही? दाखवलंच असेल. मीही दाखवलं असतं.

ऐक — माझं नाव. "ज्येष्ठ पत्रकार, भगवंतराव इंगोले" — पुकारू दे. दोनदा पुकारतील, मंग म्हणतील तब्येत बरी नाही. टाळ्या वाजवतील तब्येतीलेही.

सकाळी एसटीत बसल्या-बसल्या लिहिलं मी तिले, गुलनारले. लांब लिहिलं. बेटा, आपल्या दोघायले फसवलं यायनं, मी तुझ्या बाजूनं आहो, तू अभ्यासिका सोडू नको, मी येतो अंजनगावले, त्या पोट्टीयसमोर उभा राहून सांगतो — आपल्या दोघायले, असं लिहिलं. हाव. तवा मले तसंच वाटत होतं.

वाजला का? माझाच वाजला. तू पाय ना, माझा चष्मा — आहे डोळ्यावर, पण तू पाय. तिचंच आहे? गुलनार? वाच. मोठ्यानं वाच. काय म्हणते?

वाच ना, बाई.

नुसता अंगठा?

वर-खाली पाय. खाली काही असेल लिहिलं. खाली पाय नीट.

बरं.

दे तो मोबाइल इकडं. जा तू आत, तुले शोधत असतील. विचारलं त सांगजो, सर निघून गेले. अन् काहून म्हणून विचारलं त — नाही, ते नाही विचारत. जा.