अमावस्या पाळणारा प्रोग्रॅम

कॉम्प्युटर देवधर्म मानतो का, असं कुणी विचारलं तर मी त्याला सरळ शाहूपुरीत अप्पांकडं धाडतो.

अप्पांच्या ट्रकांतून गूळ जायचा. कुठली गाडी कधी सुटणार, याचा प्रोग्रॅम मी त्यांना लिहून दिला. माझं ते पहिलंच गिऱ्हाईक. प्रोग्रॅमच्या वीसेक फाईली होत्या. त्या सगळ्या बांधून एकच एक्झी फाईल केली आणि सीडीवरून त्यांच्या कॉम्प्युटरवर चढवली.

पंधरा दिवसांनी फोन. "पावणं, आज तुमचा प्रोग्रॅम उघडतोय आन् लगीच मिटतोय! अमावस्या न्हवं का आज!"

कुठं चुकलं ते मला लगेच उमगलं. अमावस्येला अप्पांच्या गाड्या निघत नसत. त्या दिवसाच्या खेपा पुढं ढकलणारी एक वेगळी फाईल होती, आणि एक्झी बांधताना नेमकी तीच बाहेर राहिली होती. अमावस्येला प्रोग्रॅम ती शोधायचा आणि सापडली नाही की मिटायचा. देण्याआधी एखाद्या अमावस्येला चालवून मी तपासलं असतं, पण आमच्या घरात अमावस्येला कुणी नवं काम हातात घेत नाही.

"उद्याच नीट करून देतो, अप्पा," म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी नवी सीडी घालून आलो.

पुढच्या अमावस्येला पुन्हा फोन, या वेळी आवाज चढलेला. "अहो, आज अमावस्या, तरी ह्यो चालतोय की! पहिला कसा गुणाचा हुता, अमावस्या पाळायचा. बिघडिवलासा व्हय?"

"अप्पा, बिघडलेला तो होता. हा दुरुस्त केलेला आहे."

"दुरुस्त तुमच्या घरात ठेवा. आमचा बिघडल्यालाच आणून घाला!"