महादेवीचे बटाटे

आमच्या सोलापूरच्या चाळीतली बटाट्यांची पैज सांगितली का मी तुम्हाला? बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. आम्ही शेजारणींनी तेलाच्या रिकाम्या डब्यांत बटाटे लावले. तीन महिन्यांनी, ठरलेल्या मंगळवारी डबे उपडे करायचे, जिचे बटाटे वजनाला जास्त ती जिंकली. शेजारच्या महादेवीने तर तांदूळ धुतलेलं पाणीही डब्यासाठी जपलं होतं. तिचा पाला बघून आम्ही मनातून हरलोच होतो.

मंगळवारी तिने डबा उपडा केला, तर नुसती माती. ती रडवेली झाली.

मंद्रूपहून आलेल्या तिच्या सासूबाई दारातून म्हणाल्या, "बटाटं व्हय? कालच चाचपून काडलं की मी. सोमवारचा उपास हुता, उकडून खाल्लं."

"आत्या, पैजेचे होते हो ते," महादेवी सासूबाईंना म्हणाली.

"मग मला इचारा की. लई गोड हुतं. पैला नंबर हिचाच."

मी म्हटलं, "मावशी, आमचे न खाताच?"

त्यांनी उंबऱ्यात बसकण मारली. "त्ये बी खरं हाय. आणा उकडून."

आम्ही खरंच उकडून नेले. सगळ्यांचे चवीने खाऊन त्यांनी हात धुतले आणि म्हणाल्या, "न्हाय, आमच्या सुनेचंच चांगलं हुतं."