शिंप्याच्या बायकोचं माप

...आणि वर डॉक्टर म्हणतात, "रिपोर्ट छान आहेत!" अहो, छानच असणार ना! साखर खाली, बीपी खाली, गुडघे गप्प. तुम्हाला सांगते, ऑपरेशन करून जठर एवढंसं केलं माझं, चार घास खाल्ले की बास, आणि निम्मी मी कुठे गेले कुणास ठाऊक! पण कातडं? ते कुठे जातंय! दंडाखाली लोंबतंय, पोटावर लोंबतंय, मांड्यांना... जाऊ दे, चारचौघांत किती बोलायचं? नाही, पण बोलणार! डॉक्टरांसमोर जीभ टाळ्याला चिकटली, म्हणून तुमच्यासमोर बोलणार.

ते विचारतात, "आणखी काही तक्रार?" आता त्या पोरगेल्या माणसाला काय सांगू? की बाबा रे, माझं पोट बघितलंस, आता माझा नवरा माझ्याकडे बघत नाही, त्याचं काहीतरी बघ? म्हटलं, केस गळतात. "गळणारच! बाकी रिपोर्ट छान!"

नणंदेचं तर विचारूच नका. "वहिनी, नव्यानं लग्न झाल्यासारखं वाटत असेल, नाही?" आणि डोळा मारते! मेलीला काय सांगू, लग्न झालं तेव्हा खोलीत दिवा तरी होता! आता आधी मी दिवा घालवते, मग लांब बाह्यांचा गाऊन चढवते, मग भिंतीकडे तोंड. आणि हे? हे दुसऱ्या भिंतीकडे! बरं, इच्छाच मेली असती तर प्रश्न मिटला असता हो! पण कसलं काय... जाड होते तेव्हा मला धाप लागायची, मधेच पाठ धरायची, मग दोघंही हसत सुटायचो, पण आमचं छान चालायचं. आता धाप नाही, पाठ नाही, इच्छा कशी ठणठणीत... आणि हात लावायला माणूस नाही. रिपोर्ट छान!

आमचे हे लेडीज टेलर. अख्ख्या बाजारातल्या बायका यांच्याकडे येतात. पण माझ्या अंगाला यांनी जन्मात टेप लावली नाही! पाठीमागून यायचे, दोन्ही हातांनी कवेत घ्यायचे, "झालं माप!" की लागली कात्री चालायला. आणि कपडा असा बसायचा म्हणता! ऑपरेशन झाल्यापासून मी आपली तयार कपडे घालते. मग म्हटलं, आपणच कापड आणावं, यांना शिवायला द्यावं, मापाच्या निमित्तानं तरी जवळ घेतील! हसा, हसा. बाईला स्वतःच्या नवऱ्याचा हात लागावा म्हणून कापड विकत आणावं लागतं, हसण्यासारखंच आहे.

दुपारी दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. पडदा ओढला, पाठ करून उभी राहिले, डोळे मिटले. वाट बघतेय... आले मागून. आणि गळ्यातली टेप काढली! दोन बोटांत धरून, अंगाला अंग लागणार नाही अशा बेतानं. छाती झाली. कंबरेला मात्र टेप ठरेना, कातड्याच्या घडीत घसरायला लागली. मी पोट आत ओढून धरलेलं, जीव मुठीत. आणि हे म्हणतात, "श्वास सोडा, ताई."

ताई!

अहो, रोज शंभर बायकांना म्हणतात, तोंडात बसलेलं वाक्य, गेलं निघून! मी वळले. म्हटलं, "कोण ताई?" यांचा चेहरा असा पडला... म्हणाले, "अगं, चुकून गं..." आणि खाली स्टुलावरच बसले. बराच वेळ टेप गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "तू बरी झालीस, मला आनंद आहे. खरंच आहे. पण हात पुढे केला की हाताला तू लागतच नाहीस. कुणी परकीच उभी आहे असं वाटतं. आणि तुला ते कळेल म्हणून मी जवळच येत नाही."

आता यावर भांडू कुणाशी? आरशात मला तरी मी कुठे सापडते? म्हटलं, "अहो, मीच आहे." ते म्हणाले, "माहीत आहे गं." दोघंही रडलो. आणि तेवढ्यात पडद्याबाहेर गिऱ्हाईक आलं, हे डोळे पुसून उठले.

जाताना म्हटलं, "कापड ठेवून जाते." म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी देतो." चला... आता गिऱ्हाईकच झालेय, तर शिंप्यानं सांगितलेल्या शुक्रवारी काही मिळणार नाही, एवढं समजतंय मला!