भिंतीवरचा शेतकरी

स्टुटगार्टच्या म्युझियममध्ये कोट परत घ्यायच्या रांगेत पुढच्या मराठी जोडप्याची अशी जुंपली, की ऊर्मिलाला आपला नंबर लवकर येऊ नये असंच वाटलं.

"त्या चित्रातला इथला शेतकरी इंग्रजांच्या अमेरिकेत गेला, नातवंडांपर्यंत घरात जर्मनच बोलला, तर आपल्या निधीच्या शाळेतल्या बाईंना केवढं कौतुक!"

"अगं, हळू."

"का हळू? याच बाई आपल्याला म्हणाल्या, घरात मराठी बंद करा. आणि मयुरेश, तू मान डोलावलीस!"

"पोरीच्या भल्यासाठीच ना?"

"पोरगी आता आजीचा फोनसुद्धा घेत नाही!"

"हं... त्या शेतकऱ्यालाही तिथे कोणी सांगितलंच असेल, घरात इंग्लिश बोला म्हणून."

"असेल की! त्यानं ऐकलं नाही, म्हणून तर आज मानानं भिंतीवर आहे."