हौसाबाईंचा अंगठा

कोपरीच्या बँकेत पेन्शनवाल्यांची हयातीच्या दाखल्यासाठी रांग होती. निवृत्त शिक्षिका उत्तराबाईंच्या पुढेच हौसाबाई उभ्या होत्या. पूर्वी त्या उत्तराबाईंकडे भांडी घासायच्या. उत्तराबाई हाक मारणार, तोच काउंटरवरचा मुलगा म्हणाला,

"आजी, अंगठा उमटत नाहीये."

"भांडी घासून झिजलाय रे. सही घे ना, येते मला."

"सही नाही चालत. कधी शिकलात?"

"पासष्टाव्या वर्षी. नातीने शिकवलं."

"एवढ्या उशिरा?"

"आधी विचारलेलं एका बाईंना. शाळेत शिकवायच्या त्या. म्हणाल्या, हौसाबाई, आता या वयात शिकून काय करणार?"

"मग?"

"मग काय, कढई घासायला घेतली."

उत्तराबाईंनी पर्समधला मास्क काढून तोंडाला लावला.

"आजी, जरा बाजूला बसा. मॅडम, तुम्ही या."

उत्तराबाईंचा अंगठा मशीनने पहिल्याच फटक्यात घेतला.