कडी दोनदा वाजली

डोळ्यांच्या दवाखान्यात एक वयस्कर जोडपं थेंब घालून, डोळे मिटून माझ्या शेजारी बसलं होतं. काउंटरवरच्या मोबाइलवर एका गाजलेल्या रॉक बँडचं गाणं किंचाळत होतं :

"एकदा वाजली कडी, जीव उठून बसला;
पुन्हा वाजली कडी, जीव तिथेच विझला!"

"अहो, आपल्या लेकाचं गाणं."

"कळलं. गिटार आहे की पत्रा कापायचं यंत्र?"

"पण कडी दोनदा कशी? त्याला घराबाहेर काढून तुम्ही ती एकदाच लावलीत."

"गाण्यात काहीही घालतात."

"तो नाही घालायचा. बाहेर पायरीवर बसून ऐकत होता तो."

"खरं सांगू? नंतर रात्री मीच ती हळूच काढली होती."

"तुम्ही? तुम्ही तर पाणी प्यायला उठला होतात!"

"तुला तसं वाटावं म्हणून तांब्या वाजवला."

"अगंबाई!"

"तरी पोरगा आत आला नाही. गेला तो गेलाच. एवढा कसला ताठा, हेच आजवर मनात."

"अहो, तुम्ही परत अंथरुणावर पडल्यावर मीही दाराशी गेले होते. अंधारात, चाचपत."

"कशाला?"

"कडी काढायला."

"ती तर निघालेलीच होती."

"मला काय ठाऊक! मी आपली सरकवली."

"कुठल्या बाजूला?"

"होती त्याच्या उलट."

गाणं संपलं होतं.

"म्हणजे दुसऱ्यांदा वाजली ती..."

"फोन लावा त्याला. नाहीतर द्या, मीच लावते."

"थांब. या खेपेला एकानंच हात लावायचा. तूच लाव."